काही दिसलं का?

फील्डवरून घरी आलं की बूट काढायच्या आत प्रश्न येतो, “काही दिसलं का?” विचारणाऱ्याच्या मनात वाघ असतो, गेलाबाजार बिबट्या तरी. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते तेव्हा बाबा हा प्रश्न नेमाने विचारायचे आणि मी “चंडोल दिसले” म्हटलं की “बरं” म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालायचे. त्यांचं तरी काय चुकत होतं? मुलगी अभ्यासासाठी जंगलात जाते असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलेलं, आणि मुलगी जात होती सुप्याच्या माळावर. एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला तिथे दगड, कुसळी गवत आणि मेंढरं यापलीकडे काही दिसत नाही.

त्या दोन वर्षांत जे शिकले त्यातलं बरंचसं परीक्षा झाल्यावर विसरले. एक गोष्ट तेवढी अंगात मुरली. न दिसलेल्या प्राण्याचाही हिशोब ठेवायचा असतो, आणि तो ठेवायची एक रीत असते. ॲनिमल इकॉलॉजी हा आमचा विशेष विषय. त्याच्या अभ्यासक्रमात अन्नसाखळ्या होत्या, अधिवास होते, स्पर्धा आणि सहजीवन होतं. पण मला विचाराल तर अर्धाअधिक विषय या एका गोष्टीभोवतीच फिरत होता. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

बारावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकून बायोलॉजीकडे आलेल्यांचा आमचा वर्ग. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी काबुली चण्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, सगळे न मोजता सांगा यात किती आहेत. आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. मग त्यांनीच करून दाखवलं. पन्नास चणे बाहेर काढले, प्रत्येकावर मार्करने ठिपका दिला, परत पिशवीत टाकून पिशवी खळखळून हलवली. पुन्हा साठ काढले. त्यांत बारा ठिपकेवाले निघाले. साठांत बारा, म्हणजे पाचांत एक. तर मग ठिपकेवाले पन्नास हे सगळ्या चण्यांचा पाचवा हिस्सा असणार, म्हणजे पिशवीत अंदाजे अडीचशे. मार्कर लागल्यामुळे नंतर उसळ तेवढी करता आली नाही.

युक्ती जुनी आहे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८०२ च्या सुमाराला जन्मनोंदींवरून फ्रान्सची लोकसंख्या याच तर्काने काढली होती. १८९० च्या दशकात डेन्मार्कच्या पीटरसनने तो माशांना लावला आणि १९३० मध्ये अमेरिकेत लिंकनने पायात कडी घातलेल्या बदकांना. आपल्याकडे उल्लास कारंत यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून वाघांची संख्या याच मार्गाने काढली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे मार्करचं काम निसर्गानेच करून ठेवलेलं.

चणे आणि वाघ यांत फरक एवढाच, की चणे पिशवीतून निघून जात नाहीत, त्यांना पिल्लं होत नाहीत, आणि एकदा मुठीत आलेला चणा पुढच्या खेपेला मुठीला बिचकत नाही. आमचं पुढचं सगळं सत्र या ‘एवढाच’चा हिशोब करण्यात गेलं.

महाराष्ट्रात प्राणीगणना म्हटलं की लोकांना बुद्धपौर्णिमा आठवते. चांदणी रात्र, पाणवठ्याशेजारचं मचाण, थर्मासमधला चहा, आणि रात्रभरात आलेल्या गव्यांची, सांबरांची, अस्वलांची टिपणं. मीही गेले आहे आणि पुन्हा जाईन, कारण त्या रात्रीसारखी मजा नाही. पण ती मोजणी नव्हे. तेच सांबर दोनदा पाणी प्यायला आलं तर? भरल्या ओढ्याजवळ राहणारं एखादं आपल्या पाणवठ्यावर आलंच नाही तर? वनविभागानेही अलीकडे या कार्यक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणायला सुरुवात केली आहे, हे बरं केलं.

डिझर्टेशनसाठी मी माळावरचे, जमिनीलगत राहणारे पक्षी निवडले. सासवड मागे टाकून सुप्याकडे आणि पुढे बारामती-इंदापूरच्या अंगाला गेलं की ही माळरानं लागतात. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. चिंकाऱ्यांवर काम करायला बरेच जण इच्छुक असतात. चंडोलांच्या मागे जायला कोणी तयार नसतं, त्यामुळे तो विषय मला बिनविरोध मिळाला.

काम असं. आधी नकाशावर सरळ रेषा आखून घ्यायच्या. त्यांना ट्रान्सेक्ट म्हणतात. उजाडलं की होकायंत्र हातात धरून त्या रेषेवरून चालायचं. मध्ये बाभळीचं बेट आलं म्हणून वळसा घालायचा नाही, ओघळ आली तर उतरायचं आणि चढायचं. वनखात्याने माळावर लावलेली ग्लिरिसिडियाची रोपं आली तर मनातल्या मनात चार शब्द बोलून पुढे जायचं. (गवताळ माळावर झाडं लावून त्याचं जंगल करायची ही हौस कुठून आली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पक्षी दिसला की जागच्या जागी थांबायचं. वेळ, जात, संख्या, रेंजफाइंडरमधून अंतर, होकायंत्रावरून कोन. अंतर आणि कोन हातात असले की तो पक्षी आपल्या रेषेपासून काटकोनात किती लांब बसला होता ते निघतं. दहावीतली त्रिकोणमिती, जिच्यापासून पळून आम्ही इथवर आलो होतो.

आता यातली गंमत. रेषेच्या जवळ जास्त पक्षी दिसतात, लांब गेलं की कमी कमी होत जातात. लांब पक्षी कमी राहतात असं थोडंच आहे? माझ्या रेषेची पाखरांना काय पडलेली? लांबचे कमी दिसतात कारण माझी नजर पोचत नाही. तर अंतर वाढेल तसं दिसणं किती घसरतं, याचा आलेख काढायचा. त्या घसरणीतून कळतं की डोळ्यांतून किती सुटले असतील. म्हणजे दिसलेल्यांच्या मांडणीतून न दिसलेल्यांचा आकडा काढायचा. पहिल्यांदा हे डोक्यात शिरलं त्या दुपारी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटावर बसून नुसतीच हसत होते.

या हिशोबाला एक अट आहे. रेषेवरचा, म्हणजे थेट पायापुढचा पक्षी एकही सुटता कामा नये. ऐकायला सोपी वाटते. पण माळावर धाविक नावाचा पक्षी आहे, टिटवीपेक्षा लहान, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरी आणि काळी पट्टी, पाय लांब आणि पांढुरके. हा चार-सहा पावलं भरभर धावतो, थबकतो, मान ताठ करून बघतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. धावतो तेव्हा दिसतो. थांबला की समोर असून हरवतो. तुमची नजर त्याच्यावर खिळलेली असताना हरवतो. अंडी घालतो तीही उघड्या जमिनीवर, काड्याकाटक्यांचा आडोसा न करता. मातीच्या रंगाची, काळपट फरांट्यांची अंडी. ती दिसली नाहीत तर पायाखाली येतील म्हणून मी सगळी सकाळ पावलापुढची वीतभर जमीन वाचत चालायचे आणि मग भान यायचं, की मान खाली घालून चालले तर लांबचे पक्षी कोण बघणार?

मॅडमचा एक नियम होता. रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पक्षी दिसला नाही तर रकान्यात शून्य लिहायचं. रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ, त्या दिवशी कोणी गेलंच नाही. किंवा गेलं, पण पाऊस आला म्हणून अर्ध्यातून परतलं. किंवा लिहायचा कंटाळा केला. शून्याचा अर्थ, गेलो, पूर्ण चाललो, डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि दिसलं नाही. आकडेमोडीसाठी आम्ही ‘आर’ नावाचा प्रोग्रॅम वापरायचो. त्यात कोऱ्या जागी ‘एनए’ पडतं. सरासरी काढायला सांगितली की ‘एनए’ वगळावे लागतात, शून्य मात्र धरलं जातं. दोन्ही दिवशी हाती काहीच आलेलं नसतं, पण एक दिवस माहितीचा असतो आणि दुसरा नसतो.

मग वाटेल, शून्य आलं म्हणजे पक्षी तिथे नाही. तेही नाही. एकाच जागी थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा जायचं. समजा, एका जागी दिसला, दुसऱ्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेला पुन्हा दिसला. म्हणजे तो राहतो तिथेच, आणि तरी मधल्या खेपेला आपल्या हाताला लागला नाही. अशा जागांवरून कळतं की असून न सापडण्याची शक्यता किती. मग जिथे सगळ्याच खेपांना शून्य आलं, तिथे तो खरोखर नसण्याची शक्यता किती, हेही सांगता येतं. २००२ साली हे गणित नीट मांडलं गेलं आणि आता ते चंडोलापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना लावतात. पक्षी नोंदवणाऱ्यांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी टाकताना शेवटी येणारा प्रश्न पाहिला असेल: ओळखू आलेले सगळे पक्षी यात लिहिले आहेत का? बरेच जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. पण त्या एका उत्तरामुळेच यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो.

माळावर मेंढरं घेऊन फिरणारे एक मामा मला रोज बघायचे. सरळ रेषेत चालणारी, मध्येच थांबून हातातल्या डब्यातून बघणारी आणि वहीत लिहिणारी पोरगी त्यांना मोजणी खात्याची वाटली असावी. एके दिवशी त्यांनी अडवलंच.

“काय मोजतीस गं पोरी?”

“पाखरं, मामा.”

“आन् न्हाई दिसली तर?”

“तेही लिहायचं. नाही दिसली म्हणून.”

ते खांद्यावरच्या घोंगडीवर हनुवटी टेकून थोडा वेळ बघत राहिले. “मंग आमचं बी लिव्ह. काल राती लांडगं आलं न्हाई.”

चेष्टाच होती. पण मी विचारलं, की आलं नाही हे कशावरून? त्यांनी लगेच सांगितलं. कुत्री रात्रभर गप होती, आणि मेंढरं ऐसपैस बसली होती. लांडगं आसपास असलं की मेंढरं एकमेकांना खेटून बसतात, तोंडं एका दिशेला करतात. पहाटे उठल्यावर लेंड्या कशा पडल्यात त्यावरूनही समजतं म्हणे, मेंढरं निवांत होती की नव्हती. त्यांच्याकडे वही नव्हती. शून्य मात्र त्यांना पक्कं लिहिता येत होतं, पुराव्यासकट.

लांडगं मला त्या दोन वर्षांत दिसलं ते चाळणीत. वर्गातला एक जण लांडग्याच्या खाण्यावर काम करत होता आणि प्रयोगशाळेतलं सिंक आम्हा दोघांत वाटलेलं. तो वाळलेली विष्ठा पिशव्यांत भरून आणायचा. ती भिजवायची, बारीक चाळणीत नळाखाली धुवायची, उरतील ते केस, हाडांचे तुकडे, नखं ओव्हनमध्ये वाळवायची. मग प्रत्येक विष्ठेतले केस उचलून काचपट्टीवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. केसाच्या आत पोकळ्यांची नक्षी असते आणि ती जातीजातीत वेगळी असते. सशाच्या केसात मक्याच्या कणसासारखे एकाशेजारी एक दाणे भरलेले दिसतात. एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही. उंदराचं वेगळं, शेळीचं वेगळं. बिचारा ज्या प्राण्याचा अभ्यास करत होता तो त्याला क्वचितच दिसायचा, पण त्याने काय खाल्लं ते नावानिशी माहीत. या कामाचा वास मात्र कॉरिडॉरभर पसरायचा, आणि त्या वासाबद्दल कोणी संशोधन केलेलं नाही.

न दिसलेल्याला रकाना नसला की काय होतं याचं आपल्या देशातलं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण वाघाचंच. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ धरले गेले आणि पुढे तीसेक वर्षं पायाच्या ठशांवरून गणना होत राहिली. गृहीत असं, की प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच आणि ठशावरून वाघ ओळखता येतोच. निसटलेल्यांची बेरीज नाही, दोनदा मोजलेल्यांची वजाबाकी नाही. २००४ च्या कागदांवर राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघ होते. २००५ मध्ये तिथे एकही उरलेला नाही हे कबूल करावं लागलं. मग पद्धत बदलली, कॅमेरे आले, २००६ चा अंदाज १,४११ वर आला आणि लोकांना वाटलं, आधीच्या ठसेगणनेच्या मानाने वाघ एकाएकी निम्म्याहून कमी झाले. त्यातले किती मेले आणि किती मुळात कागदावरच जन्मले होते, हे आता कोण सांगणार? २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२ आहे, त्यात महाराष्ट्राचे ४४४. अंदाज म्हटला की त्याला खालची आणि वरची मर्यादा असते. पेपरात ती छापत नाहीत. मथळ्यात मावत नसेल.

पण वर्गात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती रानपिंगळ्याची, आणि तो आपल्या खानदेशातला.

रानपिंगळा हे घुबड. नेहमीच्या पिंगळ्याहून थोडं थोराड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि दिवसाढवळ्या फिरणारं. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या दहाएक वर्षांत मोजके नमुने (मारून, कापूस भरून ठेवलेले पक्षी) जमले, त्यांतले बरेचसे डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेले. १८८४ नंतर मात्र काही नाही. पुढे सलीम अलींसारख्यांनीही शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असावा असं हळूहळू सगळे धरून चालले.

फक्त एक नोंद मध्ये यायची. मेनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला हा पक्षी टिपल्याची चिठ्ठी एका नमुन्याला बांधलेली होती. म्हणजे शेवटची जागा ती. शोधणाऱ्यांच्या नजरा साहजिकच तिकडे वळायच्या. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, आत भरलेला कापूस, शिवण, हाडांची ठेवण, सगळं. निघालं असं, की हा डेव्हिडसनचाच जुना नमुना. मेनर्ट्‌झहागेनने तो ब्रिटिश संग्रहालयातून ढापला, उसवून पुन्हा भरला आणि खोटी चिठ्ठी बांधली. १९१४ ची नोंद मुळात नव्हतीच. ती पुसल्यावर रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, एका बोडक्या झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला सापडला. मधे ११३ वर्षं गेलेली. त्यानंतर मेळघाटात, तोरणमाळला, अगदी मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही त्याच्या नोंदी झाल्या.

ही गोष्ट साधारणपणे पुनर्शोधाची म्हणून सांगतात. आम्हाला ती खोट्या ‘दिसला’ची म्हणून शिकवली. न बघता लिहिलेल्या शून्याने नुकसान होतं, तसंच न बघता लिहिलेल्या एकानेही. त्या एका चिठ्ठीने कितीतरी लोकांना चुकीच्या गावाला पाठवलं. आणि मला आणखी एक वाटतं, ते वर्गात कोणी बोललं नाही. शहाद्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात पावरा आणि भिल्ल वस्त्या आहेत. दिवसा झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडणारं घुबड त्या ११३ वर्षांत तिथल्या कोणीच पाहिलं नसेल? पाहिलं असणारच. त्यांना विचारायला कोणी गेलं नाही, किंवा गेलं तेव्हा त्यांचं उत्तर कोऱ्या रकान्यात पडलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक शोधनिबंध वाचायला घेतला, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा. ठोसेघरला गेलेल्या प्रत्येकाने तिथल्या पवनचक्क्या पाहिल्या आहेत. फोटोही काढले असतील. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे शिक्रा-ससाण्यांच्या कुळातले, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने जवळजवळ चौपटीने कमी होते. इथवर कोणालाही सुचलं असतं. पुढे त्यांनी बघितलं ते सरड्यांकडे. या पठारांवरच्या नरांच्या गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असतो आणि मादीपुढे तो उघडझाप करत ते दगडावर मिरवतात. २०१६ मध्ये त्यांच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवण्यात आलं, साताऱ्याच्या माणसाला पाठ करावं न लागणारं.

तर पवनचक्क्यांखालचे सरडे संख्येने जास्त होते. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. ही शेवटची मोजणी करायला फारसं काही लागत नाही. सरडा हेरायचा, एका संथ चालीने त्याच्याकडे जायचं, तो पळाला की थांबायचं आणि दोघांमधलं अंतर टेपने मोजायचं. निबंध वाचल्यावर आम्ही दोघी-तिघी पुढच्या सुट्टीत चाळकेवाडीला जाऊन हाच उद्योग करत बसलो. पवनचक्कीच्या पात्यांचा घुं-घुं आवाज, पायाखाली जांभा दगड, आणि एक नर सरडा इतका जवळ येऊ देत होता की त्याच्या गळ्यावरचे खवले मोजता यावेत. आभाळात घार नाही, गरुड नाही, हे मान वर न करता त्या सरड्याकडे बघून कळत होतं. निबंधात असंही होतं, की तिथले सरडे अंगाने किंचित किडकिडीत आणि रंगाने फिके होते, कारण गर्दी वाढली की खाण्याची वाटणी होते. शत्रू गेल्याचा आनंदही तसा फुकट नसतो.

बिबट्यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. अकोले तालुक्यात, जिथे चौरस किलोमीटरमागे तीनशेच्या वर माणसं राहतात, उसातल्या वाटांवर कॅमेरे लावून विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे तिथे राहतात, आणि साधारण तेवढेच तरस. जंगल नाही, अभयारण्य नाही. तरसांचं कोणी नावही घेत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एमएस्सी झाली, गुणपत्रिका आली, बॅच पांगली. काही जण डेहराडूनला, बंगळुरूला पुढे शिकायला गेले, काही शाळा-कॉलेजांत लागले, आणि बरेच जण पर्यावरण आघात अहवाल तयार करणाऱ्या कंपन्यांत. खाण, कारखाना, मोठं धरण, असं काही व्हायचं असलं की हा अहवाल लागतो आणि त्यात एक प्रकरण प्राण्यांवर असतं. मीही काही काळ हे काम केलं. तिथे मला कोरा रकाना शून्याच्या कपड्यांत भेटला.

माळरानांचं उदाहरण घ्या. सरकारी नकाशांवर त्यांतली कितीतरी जमीन ‘पडीक’ या सदरात येते. पडीक म्हणजे जिथे काही नाही. धाविक, पखुर्डी, खोकड, लांडगा, चिंकारा, मामांची मेंढरं, हे सगळं त्या ‘काही नाही’मध्ये. तिथे जाऊन, चालून, बघून कोणी शून्य लिहिलं असतं तर मी वाद घातला नसता. पण हे न जाताच लिहिलेलं आहे.

सड्यांचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांचं, त्याहून विचित्र. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या या अहवालांसाठी बहुतेक वेळा एका ऋतूची पाहणी पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. हवेतली धूळ मोजायची तर हे ठीक आहे, पावसात धूळ बसते. पण कोकणातला किंवा सह्याद्रीवरचा जांभ्याचा सडा मार्चमध्ये जाऊन बघा. काळा, तापलेला, मोकळा दगड. तोच जुलैत बघा. खळग्याखळग्यांत पाणी, त्यांत बेडकांची पिल्लं, दगड उलटला तर खाली बेडकांच्याच गोतावळ्यातलं, गांडुळासारखं दिसणारं देवगांडूळ, कड्याकडेने कीटकभक्षी वनस्पती. माझ्या एका वर्गमैत्रिणीला अशाच एका सड्यावर ऐन उन्हाळ्यात पाठवलं होतं. तिने उभयचरांच्या रकान्यात ‘पाहणीचा काळ अयोग्य’ असं लिहून दिलं. छापील अहवालात ते ‘उभयचर आढळले नाहीत’ झालं. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरलेला सापडला होता, ते प्रकरण अनेकांना आठवत असेल. त्या मानाने मैत्रिणीचा सडा निदान महाराष्ट्रातलाच राहिला.

हल्ली मी नोकरीतून बाहेर आहे. ज्या गावात एखाद्या प्रकल्पावर जनसुनावणी लागते तिथले कोणी ना कोणी ओळखीतून अहवालाची पीडीएफ पाठवतात. ताई, जरा बघता का? मी थेट प्राण्यांच्या प्रकरणावर जाते, आणि ‘आढळले नाहीत’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे समासात पेन्सिलने प्रश्न टाकते. कोणत्या महिन्यात? सकाळी की भर दुपारी? किती किलोमीटर चालून? किती जणांनी? पाहणीची मूळ डेटाशीट कुठे आहे? हे प्रश्न मग गावातला कोणी तरुण जनसुनावणीत उभा राहून वाचतो. उत्तर बहुतेक वेळा गुळमुळीत येतं. डेटाशीट तर मिळतच नाही. मग आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहितो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती फाइलला लावतो.